डाव्या कुशीचं साल

ते रस्त्यात कुठेही वाकत. हातात भाजीची पिशवी असो, मागून टेम्पो हॉर्न देत असो, सोबतचा माणूस बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर असो, जुनी बुलेट उभी दिसली की ते तिच्या डाव्या बाजूला जात, पँट गुडघ्यांवर चिमटीने वर ओढून उकिडवे बसत आणि मान वाकडी करून इंजिनाच्या कुशीत बघत. तिथे, सिलिंडरच्या बुडाशी, इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो, आणि त्यावरून गाडीचं साल कळतं. बहुतेक गाड्यांवर तो ऑइल आणि धुळीच्या थराखाली गेलेला असे. मग ते खिशातून रुमाल काढत, थर पुसत, नंबर वाचत आणि उठून सोबतच्या माणसाला म्हणत, "हां, बोला." कधी एखादं वाक्य जास्तीचं. "बासष्टची आहे. हाल केलेत बिचारीचे."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात माझा नोकरीचा पहिला दिवस होता. गेटच्या आत कुणा पाहुण्याची बुलेट लावलेली होती आणि तिच्या बाजूला हा माणूस बसलेला. त्याला चक्कर आली आहे की त्याचं काही पडलं आहे, हे मला कळेना. विचारणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी नुसती उभी राहिले. थोड्या वेळाने, मागे न बघताच, आवाज आला, "मॅडम, उजेड सोडता का जरा?"

नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं. आम्ही दादरची दोन खोल्यांची जागा सोडून मीरा रोडला राहायला आलो होतो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. बोलायला लागले की वाक्याला दोन इंग्रजी शब्द यायचे आणि लोक हसायचे, म्हणून मी कमी बोलायची. कमी बोलते म्हणून लोक मला शिष्ट समजायचे, म्हणून आणखी कमी. कारखान्यात माझं काम बाहेरच्या पार्ट्यांना इंग्रजीत पत्रं टाइप करण्याचं होतं, आणि माझं टेबल स्टोअरच्या जाळीला लागून. जाळीच्या पलीकडे ते. स्टोअर इनचार्ज. स्टीलचे पत्रे, हँडल्स, रिव्हेट, पॉलिशचा साबण, सगळं त्यांच्या ताब्यात. कारखाना त्यांना मागून 'आरटीओ' म्हणायचा आणि मी तोंडावर 'काका' म्हणायची. ते मला शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हणाले. आधी चिडवायला, नंतर सवयीने.

त्यांचे हात फार लांब होते. म्हणजे नजरेत भरण्याइतके. कुठल्याही शर्टाची बाही त्यांच्या मनगटापर्यंत पोचत नसे, म्हणून ते बाही कायम दुमडून ठेवत. वरच्या मांडणीवरचं खोकं ते स्टूल न घेता काढत, आणि बुलेटच्या इंजिनाच्या मागे जिथे मेकॅनिकची बोटं पोचत नाहीत, तिथे त्यांचा पंजा आरामात फिरून येई. डोळे मिटून ते आत चाचपत आणि तोंडाने सांगत, "इथे जोड दिलाय. इथे वेल्डिंग केलंय. ही जागा फक्त जुन्यातच असते."

चहाच्या सुट्टीत लोक त्यांच्याकडे येत. कारखान्यातलेही आणि बाहेरचेही. प्रश्न नेहमी एकच. "काका, बुलेटचं सगळ्यात बेस्ट साल कोणतं?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मग ते प्रश्न विचारत, आणि ते प्रश्न ऐकून समोरचा बुचकळ्यात पडे. घर चढावर आहे की सपाटीवर? सकाळी बाहेर पडायची घाई असते का? बायको मागे एका बाजूला बसते की दोन्हीकडे पाय टाकून? गाडी बंद पडली तर लोकांसमोर ढकलायची लाज वाटते का? मी जाळीच्या अलीकडे टाइप करता करता हे सगळं ऐकायची. शेवटच्या प्रश्नाला जवळजवळ सगळेच 'नाही' म्हणत, आणि ते कुणावरच विश्वास ठेवत नसत.

उत्तनच्या बाजूला चौक म्हणून गाव आहे, तिथला एक मच्छीमार एकदा आला. त्याला जुन्यातली जुनी हवी होती.

"तुमच्या अंगणात खारा वारा," काका म्हणाले. "जुनी नेलीत तर टाकीची चाळणी होईल. नव्यातली घ्या. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा."

"रोज? मी माज्या पोरांना रोज पुशीत न्हाय."

"मग पोरांना तरी पुसा."

"काका, नवीला तो आवाज हाय का? आवाज न्हाय तं ती बुलेट कसली?" असं म्हणून तो हसत गेला आणि जुनीच घेतली. काकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विचारायला येतात, तेव्हा त्यांचं ठरलेलंच असतं."

प्रेस खात्याचा फोरमन तापट होता. सगळ्या कारखान्याला माहीत. त्याला काकांनी सांगितलं, "रागावून किक मारली की बुलेट उलटी किक मारते. नडगी जाते. तुमच्यासाठीचं साल अजून निघालेलं नाही." फोरमन दोन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. पण त्याने बुलेट घेतली नाही, स्कूटर घेतली.

मराठी आकडे मी त्यांच्याकडून शिकले, म्हणजे त्यांच्या नकळत. शाळेत मला फिफ्टी-नाइन यायचं, एकोणसाठ ऐकलं की मी मनात थांबायची. साठ की सत्तर, एक कमी की एक जास्त? पण काका सालांबद्दल असं बोलत जसं आमची आई नातेवाइकांबद्दल बोलते. पंचावन्न म्हणजे घरंदाज. सुटे भाग विलायतेतून यायचे आणि मद्रासला जोडायचे. एकोणसाठ अबोल, पण वेळेला उभी राहणारी. बासष्टपासून सगळे भाग इथलेच, म्हणून बिघडली तरी गल्लीतला माणूस दुरुस्त करणार. हळूहळू मला आकडा ऐकला की आधी गाडी दिसायला लागली आणि मग आकडा. आजही मी एकोणसाठ चुकत नाही.

त्यांचं एक ठाम मत होतं. पुस्तकावर जायचं नाही. पुस्तक म्हणजे गाडीचं आरसी बुक. मिलिटरीच्या कित्येक गाड्या वापरून झाल्यावर लिलावात निघत आणि मग त्यांच्यावर पहिल्यांदा आरटीओचं नाव चढे. पुस्तकात लिलावाचं साल. गाडी त्याआधी किती वर्षं कुठल्या डोंगरात फिरली, त्याचा पत्ता नाही. "पुस्तक म्हणजे काय, कुणीतरी विचारलं, कुणीतरी सांगितलं, कुणीतरी लिहिलं," ते म्हणत. "गाडीचं साल फक्त गाडीला माहीत असतं. विचारायचं नाही. वाकून बघायचं."

एवढं सगळं असून स्वतः ते सायकलवर येत. मोरव्याहून, रेल्वेचं फाटक ओलांडून, रोज. रिटायर झालो की बुलेट घेणार, हे त्यांनी लग्न झालं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. फक्त साल ठरायचं होतं. पंचावन्न की एकोणसाठ, यावर त्यांचं बरीच वर्षं अडलं होतं. काकू एकदा डबा द्यायला कारखान्यात आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले होते. गाडीचं बघतेय मी, अजून पोह्यांपर्यंतही आलं नाही."

आमच्या कारखान्यात मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेढे खूप असायचे. कारण सोपं होतं. जुन्या माणसांपैकी निम्म्यांची जन्मतारीख एक जून. गावच्या शाळेत नाव घालताना कुणाला तारीख माहीत नसायची, गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एक जून लिहून टाकायचे. त्यामुळे अठ्ठावन्न पुरी झाली की सगळे एकाच दिवशी घरी जायचे. काकांची तारीखही तीच, आणि त्यांचं वर्ष जवळ आलं होतं.

त्या वर्षी चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला तो प्रसंग करून दाखवला. त्यांच्या कोकणातल्या शाळेत पोरगं सहा वर्षांचं झालं की नाही हे ओळखायची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. डाव्या कानाला लागला तर सहा पुरी, घ्या शाळेत. काका उभे राहिले आणि त्यांनी हात डोक्यावरून नेला. तो कानाला लागला, कान ओलांडून गालावर आला आणि हनुवटीला टेकला. सगळे हसले.

"हात लांब, म्हणून मी लहानपणीच सहा वर्षांचा झालो," काका म्हणाले. "खरं तर तेव्हा बराच लहान होतो. आई सांगते ना."

मग हसणं थांबल्यावर जरा हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, एक अर्ज टाइप करून द्याल?"

त्यांची मुलगी नर्सिंगला होती. तिची दोन वर्षं राहिली होती, आणि मॅनेजरनी त्यांना सांगितलं होतं की आपली खासगी कंपनी आहे, वय चुकीचं लागलंय असा अर्ज द्या, आईचा अंगठा आणा, शेठनी सही केली की झालं. दोन वर्षं आणखी नोकरी. ती दोन वर्षं काकांना हवी होती. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. "आणि खोटं काही नाही त्यात," ते म्हणाले. "माझीच आहेत ती वर्षं."

अर्जासाठी त्यांच्या आईला विचारायला मी मोरव्याला त्यांच्या खोलीवर गेले. निळ्या कोटातल्या तसबिरीखाली पलंगावर म्हातारी बसली होती. अगदी लहानखुरी, पण हात तसेच लांब. मी वही उघडून बसले आणि काकांनी विचारलं, "आये, सांग ह्यांना. मी कुठल्या साली झालो?"

"नदीचा साकव वाहून गेला त्या साली. तवा तू माझ्या कडेवर व्हतास." मग थांबून, "न्हाय न्हाय. कडेवर तुझी भन. तू पोटात."

"म्हणजे साकव गेल्यावर झालो."

"का पाठीशी बांधला व्हता तुला?" म्हातारीने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी तिथे होते. "पोरी, पाणी एवढं व्हतं, कोण कुठं व्हता कुणाला ठावं?"

"साकव कुठल्या साली गेला?" मी विचारलं. त्या घरात मी उच्चारलेलं तेवढंच वाक्य.

"तो दोनदा गेला," म्हातारी म्हणाली.

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका हसले नाहीत. ते विचारात पडले होते, गाडीच्या खाली वाकल्यावर पडत तसे.

दुसऱ्या दिवशी मी टाइपरायटरला कागद लावला. "काका, दोन वर्षं लिहू ना?"

"तुम्ही होता तिथे?"

"नाही."

"मी होतो. पण मला काय कळत होतं?" ते जाळीला हात लावून उभे राहिले. "लिहा, नोंदलेल्या वयापेक्षा दोन वर्षांनी लहान. किंवा तीन. कदाचित एकानेही. नक्की सांगता येत नाही."

मी थांबले. इंग्रजीत ते वाक्य फारच वाईट दिसणार होतं.  पण ज्या माणसाने आयुष्यात न बघितलेला नंबर कुणाला सांगितला नव्हता, त्याला आज सांगा असं मी कशी म्हणणार? मी त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं. त्यांनी सही केली, आईचा अंगठा उठवून आणला आणि कागद शेठच्या सहीच्या फायलीत गेला.

शेठना त्याच आठवड्यात ठाण्याला एका पार्टीकडे जायचं होतं, आणि पत्रव्यवहाराच्या फायली घेऊन मी सोबत होते. निघताना त्यांनी काकांनाही गाडीत बसवलं. वाटेत वरसाव्याला, घोडबंदर रोडवरच्या पुलाच्या अलीकडे, एका गॅरेजवर त्यांना एक बुलेट बघायची होती. शेठच्या वडिलांनी भांड्यांचा धंदा बुलेटवर सुरू केला होता, मागे पोतं बांधून दुकानोदुकानी फिरत. ती पंचावन्नची गाडी केव्हाच विकली गेली होती. नव्या शोरूमच्या दाराशी शेठना तशीच एक उभी करायची होती. तशीच म्हणजे पंचावन्नचीच.

"भाऊ, आज एकदम शांतीने बघा," शेठ गाडीत म्हणाले. ते फार खुशीत होते. "आज हे काम झालं ना, तर तुमची पण फाइल मॅडमकडे आहे, मला ठाऊक आहे. इथेच सही करून टाकू. काय?"

काका ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली. मी मांडीवरची फाइल जरा घट्ट धरली.

गॅरेजवाल्याने गाडी पुसून चकचकीत उभी केली होती. "आओ शेठ, देख लो. पचपन का असली माल. ये बुक, ये गाडी." शेठनी पुस्तक उघडलं आणि त्यातलं साल मला दाखवलं, लहान मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. मग ते गाडीजवळ गेले आणि सीटवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ हात काढला नाही. त्या क्षणी ते मला शेठ वाटले नाहीत.

काका डाव्या बाजूला बसले. रुमाल काढला. नंबर वाचला. मग पुढे जाऊन हँडलच्या खाली चौकटीवरचा नंबर वाचला. परत आले, डोळे मिटले आणि हात इंजिनामागे घातला. खाडीचा वारा होता, पुलावरून ट्रक जात होते. त्यांनी फार वेळ घेतला. उठले तेव्हा त्यांनी एकदा माझ्या हातातल्या फायलीकडे बघितलं. मी बघितलेलं मला नक्की आठवतं.

"शेठ, चौकट पंचावन्नची आहे. इंजिन चौसष्टचं. पुढचे शॉकअप त्याहून नंतरचे. तीन गाड्यांची मिळून एक केलीय."

"अंकल, बुक में क्या लिखा है, वो तो देखो!" गॅरेजवाला तापला. "आप को बुक पढ़ना आता है ना?"

"पुस्तक चौकटीचं आहे. बरोबरच आहे."

"पण पंचावन्नची आहे की नाही?" शेठनी विचारलं. त्यांचा हात अजून सीटवर होता. "एक शब्दात बोला ना, भाऊ."

"नाही, शेठ."

शेठनी हात काढला. आम्ही परत गाडीत बसलो. घोडबंदरच्या वळणांवर शेठ खिडकीबाहेर बघत होते. मग अचानक म्हणाले, "मॅडम, यांचा अर्ज द्या." मी दिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि मोठ्याने हसले. त्यात राग होता, पण सगळा राग नव्हता.

"टू इयर्स. ऑर थ्री. पॉसिबली वन. अरे भाऊ, हे काय आहे? दुसऱ्याच्या गाडीचा एक एक पार्ट तुम्हाला ठाऊक, आणि स्वतःचं साल ठाऊक नाही?"

"गाडीला नंबर असतो, शेठ."

"मग तुमचा नंबर कुठे ठोकला आहे?"

टोमणा होता तो. पण काकांना टोमणे कळत नसत. त्यांनी त्याच्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तो सापडला असता तर प्रश्नच नव्हता."

 ठाणं आलं तेव्हा शेठनी अर्ज माझ्याकडे परत दिला. "उद्या नवा टाइप करा, मॅडम. फक्त 'दोन' लिहा. मी सही करतो. बस, एक आकडा नक्की पाहिजे. एवढं तर करा."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर पोचले आणि टाइपरायटरला कोरा कागद लावून ठेवला. तारीख टाकली, वरचा मजकूर टाइप केला आणि आकड्याच्या जागी येऊन थांबले. काका आले, सायकल लावली, स्टोअर उघडलं. मग जाळीशी आले. कागद बघितला.

"राहू द्या, मॅडम."

मी त्यांच्याकडे बघितलं. बहुतेक माझ्या चेहऱ्यावर प्रश्न असावा.

"रात्री हिशेब केला," ते म्हणाले. "दोन म्हटलं की मी शाळेत गेलो तेव्हा चार वर्षांचा. चार वर्षांच्या पोराचा हात कानाला लागत नाही. कितीही लांब असू दे. काल संध्याकाळी आमच्या शेजारच्या पोरांचे हात लावून बघितले मी. नाही लागत."

"मग?"

"मग काय. मला थोडं आठवतं. गुरुजी समोर होते. माझा हात वर होता. आणि मागून कुणीतरी माझं कोपर धरून दाबत होतं." त्यांनी स्वतःचं कोपर धरून दाखवलं. "बाप माझा. ते गुरुजी चांगले होते, आमच्या वस्तीतल्या पोरांना वर्गाच्या आत बसवायचे. ते कधी बदलून जातील याचा भरवसा नव्हता. पुढच्याने घेतलं असतं की नाही, कोण सांगणार? बापाला त्याच साली मला आत बसवायचं होतं. गुरुजींना दिसलं असणार. ते काही बोलले नाहीत. त्यांनी सहा लिहिलं."

आतून प्रेसचा धडाधड आवाज सुरू झाला. ते तो थोडा कमी व्हायची वाट बघत थांबले.

"त्या सालावर मी शाळेत बसलो, मॅडम. त्याच्यावर ही नोकरी. आता मी सही करून सांगू, की ते साल खोटं होतं म्हणून?"

"आणि नर्सिंग?" मी विचारलं.

"तिला सांगितलं सगळं. ती म्हणाली, आबा, माझं मी बघते. सकाळच्या वेळेला एका दवाखान्यात काम धरतेय." ते जायला वळले आणि परत वळून म्हणाले, "तो कागद फुकट घालवू नका. मागची बाजू कोरी आहे."

मी तो मशीनमधून काढला. मागच्या बाजूवर काही टाइप केलं की नाही, ते आता आठवत नाही.

एकतीस मेला नेहमीसारखे पेढे झाले. निरोपाची भेट म्हणून कंपनीने त्यांना डिनर सेट दिला. तो त्यांच्याच स्टोअरमधून निघाला आणि त्याची नोंद जाता जाता त्यांनीच केली, कारण नवा माणूस रुजू व्हायचा होता. शेठनी स्वतः हार घातला आणि माइकवर म्हणाले, "यांच्यामुळे माझी एक गाडी वाचली." वाचली की हुकली, ते शेठनाही तेव्हा ठरवता आलं नसावं. शोरूमच्या दाराशी शेवटी त्यांनी वडिलांचा फोटो लावला. फोटोत वडील बुलेटवर बसलेले आहेत आणि मागे पोतं बांधलेलं आहे.

जाळीच्या पलीकडे नवा माणूस आला. चांगला होता, सारखा बोलायचा. मला पहिल्यांदाच कळलं की काकांच्या शेजारी मी गप्प बसायची तेव्हा मी एकटी गप्प नसायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी गेटवर बुलेटचा आवाज आला आणि प्रेस खात्यापासून पॅकिंगपर्यंत सगळे बाहेर आले. काका होते. मागे काकू, एका बाजूला पाय सोडून. आरटीओने शेवटी साल ठरवलं, असा गलका झाला.

"पंचावन्न!" कुणीतरी ओरडलं.

"शक्यच नाही, एकोणसाठ," फोरमन म्हणाला. "पैज लावा."

"चौकच्या त्या मच्छीमाराची आहे," काकूंनी सांगितलं. "टाकीची झाली चाळणी, आला परत. म्हणाला, काका तुम्ही सांगितलं व्हतं, आता तुम्हीच न्या. हे लगेच हो म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही त्याच्याकडे."

"अहो पण साल कोणतं, काका?"

काका हसत होते, उत्तर देत नव्हते. टाकी त्यांनी नवी बसवून रंगवली होती. चाकाच्या तारा एक एक घासलेल्या, सायलेन्सरमध्ये तोंड दिसत होतं. लोक भोवती फिरून अंदाज बांधत होते, पण खाली कुणी वाकत नव्हतं. ते काम कायम काकांचं होतं, दुसऱ्या कुणाला सुचलंच नाही.

मी पुढे गेले. एवढ्या लोकांसमोर मी कधी काही केलं नव्हतं. ओढणी खांद्यावर टाकली, डाव्या बाजूला गेले आणि उकिडवी बसले. माझ्यावर कुणाची तरी सावली पडली होती, ती बाजूला झाली.

सगळं इंजिन लख्ख होतं. फक्त सिलिंडरच्या बुडाशी, तळहाताएवढ्या जागेत, ऑइल आणि धुळीचा काळा थर तसाच होता. त्याच्या कडेपर्यंत पॉलिश केलेलं होतं आणि तिथे हात थांबलेला होता. वर्षानुवर्षांचा थर. त्याला कुणाच्याही रुमालाचा स्पर्श झालेला नव्हता.

मी वर बघितलं. "काका, पुसू का?"

"नको," ते म्हणाले. "असू दे."

"तुम्ही पण नाही बघितलं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग किती वर्षांची असेल?"

काकांनी गाडीकडे असं बघितलं जसं कुणी दुसऱ्याच्या पोराकडे कौतुकाने बघतं.

"शाळेत घालण्याएवढी झालीय," ते म्हणाले, आणि किक मारायला उभे राहिले.